शेजारच्या सीटचा दरवाजा

गाडीला फोड आलाय हे आधी अण्णांच्या बोटांना कळलं आणि मग घराला.

गाडी चालवायची ती या घरची सून, आणि अण्णा म्हणजे तिचे सासरे. एका कारखान्याच्या भांडारात त्यांची हयात गेली. नट, वॉशर, पट्टे, पाइप यांच्या राशींत त्यांनी इतकी वर्षं काढली होती, की बाहेरच्या जगाकडेही ते भांडार म्हणूनच बघत. प्रत्येक वस्तूला जागा हवी, प्रत्येक डब्याला झाकण हवं, आणि काही उघडं दिसलं की कपाळाला आठी पडलीच. केराच्या डब्याचं झाकण कुठे गेलं याचीही घरात रीतसर चौकशी व्हायची. "या घरात वाऱ्यालासुद्धा आत यायला पास लागतो," असं त्यांचा मुलगा म्हणायचा. अर्थात अण्णा आंघोळीला गेलेले असताना.

डोळ्यांनी दगा दिल्यापासून त्यांना जग नळीतून बघितल्यासारखं दिसे. समोरचं स्पष्ट, कडेचं गायब. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली तेव्हा घरात सगळे धरून चालले की किल्ली आता मुलाकडे जाणार. मुलानेही तसा चेहरा करून ठेवला होता. अण्णांनी किल्ली उचलली आणि सुनेच्या हातात ठेवली. "हा दार आपटतो," मुलाकडे बोट करून ते म्हणाले. "तू लावतेस." बस, एवढंच भाषण. पण कौतुकाचा शब्द सहा महिन्यांतून एकदा काढणाऱ्या माणसाकडून एवढं ऐकायला मिळालं, तर तिला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं यात नवल नाही.

गाडी तिच्या कामाचीही होती. अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरी जाऊन ती त्यांचे हातपाय हलवून घ्यायची, व्यायाम करवून घ्यायची. घडीचं टेबल, पट्टे, वजनं, उशा असा सगळा संसार मागच्या डिकीत. आठवड्यातून एकदा अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायची, तेव्हा ते मागच्या सीटवर ताठ बसत. सासूबाई गेल्या, पण पुढच्या त्यांच्या सीटवर ते कधी बसले नव्हते. शेजारपाजारचे लोक तिला चिडवायचे, "काय, साहेबांना घेऊन निघाल्या का ड्रायव्हर?" शेजारची सीट रिकामीच. तिच्यावर तिची पर्स, पाण्याची बाटली, आणि पाऊस असेल तर खाली पायांच्या जागी ओली छत्री. तो दरवाजा कोणी उघडतच नसे.

दर रविवारी गाडी धुऊन झाली, कोरड्या फडक्याने पुसून झाली, की अण्णा उघडा तळहात गाडीच्या सगळ्या अंगावरून फिरवायचे. डोळ्यांचं काम त्यांनी हाताकडे सोपवलं होतं. त्या रविवारी हात शेजारच्या दरवाज्याच्या तळाशी आला आणि थांबला. पुढे गेला, परत आला, पुन्हा तिथेच थांबला.

"इकडे ये. हात लाव इथे."

तिने वाकून हात लावला. रंगाखाली वाटाण्याएवढा फुगा होता, आणि त्याच्या शेजारी लहान लहान फोडांची रांग. नखाने दाबल्यावर रंगाचा टवका निघाला आणि तिच्या बोटावर तपकिरी भुगा पडला.

"गंज," अण्णा म्हणाले. घरात चोर शिरलाय असं सांगावं, तसं म्हणाले. मग जरा थांबून विचारलं, "ओली छत्री कुठे ठेवतेस तू?"

तिने खाली बघितलं. ओली छत्री कुठे ठेवते हे त्यांना ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. "तिथेच," ती म्हणाली.

अण्णा ओरडले असते तर बरं झालं असतं. दोन शब्द ते बोलले असते, दोन तिने ऐकून घेतले असते, संध्याकाळपर्यंत सगळं मिटलं असतं. पण ते फडकं पिळून आत गेले, आणि आतून आवाज आला, "किल्ली खुंटीला लाव. आधी दुरुस्त होऊन येऊ दे. मग बघू."

तिने किल्ली खुंटीला लावली, पण ते 'मग बघू' तिच्या कानातून जाईना.

"पत्राच आहे गं," नवरा म्हणाला. "आज ना उद्या पत्रा गंजायचाच."

"खापर तुझ्या डोक्यावर फुटलेलं नाही ना, म्हणून सुचतंय तुला हे."

घरात शांतता नांदावी म्हणून तोंडात मूग धरून बसण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

दुसऱ्या दिवशी ती गाडी मिस्त्रींकडे घेऊन गेली. मोठ्या रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, आत सुट्टे दरवाजे भिंतीला टेकवलेले, हवेत रंगाचा उग्र वास आणि कुठेतरी ठाक ठाक हातोडी. मिस्त्री पत्रा ठोकण्यात वाकबगार होते आणि बोलण्यात त्याहून. समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायची वाट बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"गाडी उघड्यावर लावता तुम्ही, ताई," दरवाज्याकडे नुसती नजर टाकून त्यांनी निदान केलं.

"नाही, शेडमध्ये असते."

"मग धूत नसाल."

"दर रविवारी धुतात."

"बघा! फार धुता."

म्हणजे काहीही उत्तर दिलं तरी चूक तिचीच. घरातही तेच, इथेही तेच. तिला राग आला. "बाकीचे तीन दरवाजे ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "शेड त्यांच्यावरही आहे, पाणी त्यांच्यावरही पडतं. मग हाच का?"

"तोंडात सगळेच दात एकदम किडतात का?" असं म्हणत मिस्त्रींनी तो दरवाजा उघडला आणि सवयीने झटक्यात लावला.

डुबुक.

"हा आवाज!" ती म्हणाली. कित्येक महिने वळणावर तो आवाज ती ऐकत आली होती. सीटवरची पाण्याची बाटली आवाज करते असं तिला वाटायचं. तिने बाटलीही बदलून बघितली होती.

मिस्त्रींनी दरवाजा पुन्हा उघडला आणि हळूहळू पुढे-मागे हलवला. दाराच्या पोटात पाणी या टोकाकडून त्या टोकाकडे गेलं आणि परत आलं. मिस्त्रींचं तोंड पहिल्यांदाच बंद झालं. त्यांनी जमिनीवर गोणपाट टाकलं, आडवे होऊन दरवाज्याची खालची कड बघितली, आणि खालूनच विचारलं, "ताई, तुमच्या दाराची भोकं कुठायत?"

"कसली भोकं?"

"अहो, काच वर-खाली होते ना, त्या फटीतून पाणी दाराच्या पोटात उतरतंच. पावसाचं असो, धुण्याचं असो. त्याला कोणाचा बाप अडवू शकत नाही. म्हणून खाली बारकी भोकं ठेवलेली असतात. वरून आलं, खालून गेलं. ती तुमची बुजवलीत कोणीतरी. बुचं मारून वर काळं लुकण थापलंय." त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक घातलं आणि एक बूच उपसलं.

तपकिरी पाण्याची धार नेमकी त्यांच्या तोंडावर आली. मिस्त्री शिव्या घालत उठले, बादली आणून खाली सरकवली आणि उरलेली बुचं काढली. पाणी पडत राहिलं. थांबलं असं वाटायचं, पण दरवाजा जरा हलवला की पुन्हा सुरू. कुजक्या लोखंडाचा वास सुटला होता.

"वर्षानुवर्षांचं असणार हे," तोंड पुसत मिस्त्री म्हणाले. मग बूच हातात घेऊन निरखत म्हणाले, "पण काम सुबक आहे हां. कडा बघा कशा कापल्यात. हे कुणा गबाळ्याचं काम नाही."

तिने ते बूच घेतलं आणि नळाखाली धरलं. चिखल गेला आणि आतून मातकट लाल रबर निघालं, त्याच्यावर बारीक उंचवट्याच्या रेघा. ते रबर तिने ओळखलं. सासूबाईंची शेकायची पिशवी. घरात कपाटाच्या वरच्या फळीवर ती पिशवी अजून होती, कारण अण्णा काही टाकून देत नसत. तिच्या एका कोपऱ्याला गोल गोल तुकडे गेलेले होते. उंदराने कुरतडली असेल, असं तिला वाटत आलं होतं. इतका गोल कुरतडणारा उंदीर कोणता, हे मात्र तिने कधी स्वतःला विचारलं नाही.

तिला आनंद झाला. खोटं कशाला सांगा? सासऱ्यांच्या हातून चूक झाली म्हणून वाईट वाटणं वगैरे नंतर. आधी मनात एकच उडी आली: मी नाही! माझी छत्री नाही!

"वाऱ्यासाठी केलं असेल," मिस्त्री सांगत होते. "लोकांना वाटतं भोकांतून वारा येतो, पायांना लागतो. अहो, वारा येतो तो इथून." त्यांनी दाराच्या चौकटीभोवतीचं रबरी बीडिंग दाखवलं. बिजागरीच्या बाजूला, खाली, ते चौकटीपासून सुटलं होतं. बोट आत जाईल एवढी फट होती. "हे मुळातच नीट बसवलेलं नाही. भोकं बुजवून काय उपयोग? वारा होता तेवढाच लागत राहणार. ज्याने हे केलं त्याला वारा थांबला असं कसं वाटलं, देव जाणे."

तिला एकदम आठवलं. ती नवी नवी सून होती, मागच्या सीटवर बसलेली. पुढे अण्णा गाडी चालवतायत, शेजारी सासूबाई. गाडीने वेग घेतला की अण्णा विचारायचे, "लागतोय का गं वारा पायांना?" आणि सासूबाई म्हणायच्या, "छे, आता मुळीच नाही. काय बंदोबस्त केलात तुम्ही!" अण्णा खूश होऊन रस्त्याकडे बघायला लागले, की त्या खांद्यावरची शाल हळूच खाली सरकवायच्या आणि दोन्ही पायांभोवती गुंडाळून घ्यायच्या. एकदा त्यांना कळलं की सून मागून बघतेय. त्यांनी मान वळवली आणि चक्क डोळा मारला. तेव्हा तिला त्याचा अर्थ लागला नव्हता. सासू डोळा मारते म्हणून ती नुसतीच लाजली होती.

तिने बुचं रुमालात बांधली आणि पर्समध्ये ठेवली.

संध्याकाळचा चहा घरात अण्णा करायचे. तो मान त्यांनी सासूबाईंच्या वेळेपासून स्वतःकडे ठेवला होता. दूध मापाने, पावडर मापाने, साखर मात्र सढळ हाताने. तो चहा प्यायल्यावर जीभ तोंडात चिकटायची. तिने पहिला घोट घेतला आणि रोजच्याप्रमाणे म्हणाली, "छान झालाय."

"मिस्त्री काय म्हणाला?"

"दारात पाणी साचलं होतं."

"छत्री," अण्णा म्हणाले आणि फुंकर मारली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पर्स शेजारच्याच खुर्चीवर होती. रुमाल काढायचा, टेबलावर सोडायचा आणि बघत बसायचं, एवढंच करायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले. तेवढ्यात अण्णांनी कप खाली ठेवण्यासाठी बशी शोधली. बशी कडेला होती, त्यांना दिसत नव्हती. त्यांची बोटं टेबलावरून चाचपडत बशीपर्यंत गेली, कड सापडल्यावरच कप खाली आला. ती गप्प बसली.

यात मोठेपणा बिठेपणा काही नव्हता. निम्मी कीव होती आणि निम्मी भीती. चूक उघडी पडलेला माणूस ती ज्याच्यासमोर उघडी पडली त्याचं तोंड बघायला तयार नसतो, हे तिने घरोघरी पाहिलं होतं. किल्ली हातची कायमचीच गेली तर?

"सांगू नकोस," भांडी पुसताना नवरा म्हणाला. रुमाल तिने फक्त त्यालाच दाखवला होता. "आईसाठी केलं होतं त्यांनी. आता ते कळून कोणाला काय मिळणार?"

"मला किल्ली मिळेल."

"ती तशीही देतीलच गं."

"देतील. पण छत्रीवाली म्हणून देतील."

यावर त्याने एकच ताट दोनदा पुसलं.

मग बसचे दिवस सुरू झाले. घडीचं टेबल खांद्याला लावून ती दोन बस बदलत हिंडू लागली. कंडक्टर टेबलाकडे बघून डोळे वटारायचा, लोक पाय आवरून घ्यायचे. मिस्त्रींची शेड बदलीच्या थांब्याजवळच होती, म्हणून ती अधूनमधून डोकावायची. दरवाजा सोडवून घोडीवर आडवा ठेवला होता. आतलं पुठ्ठ्याचं अस्तर काढलेलं, काच उतरवलेली. तळाचा पत्रा चाळणीसारखा झाला होता.

"पुट्टी भरून दिली असती तर दोन दिवसांत चकाचक," मिस्त्री म्हणाले. "फोटो काढून घरात लावला असतात तुम्ही. आणि पुढच्या पावसाळ्यात मला शोधत आला असतात, काठी घेऊन. गंजावर रंग मारला तर गंज आत जेवत बसतो." त्यांनी कुजलेली पट्टी मुळापासून कापून काढली होती, चांगलं लोखंड लागेपर्यंत. तितक्याच जाडीच्या पत्र्याची नवी पट्टी कापून, कड दुमडून, इथे एक टाका तिथे एक टाका असं वेल्डिंग केलं. सलग केलं तर पत्रा तापून वाकतो म्हणे. मग घासणं, गंज मारायचं औषध, प्रायमर, पुट्टीचा अगदी नखाएवढा थर, पुन्हा घासणं, रंग. रंग वाळल्यावर दाराच्या पोटात मेणासारखं पातळ काहीतरी फवारलं, ते सांध्यासांध्यांत झिरपलं. सगळ्यात शेवटी एक बारीक तार घेऊन त्यांनी तळाची तिन्ही भोकं मोकळी केली आणि ती तार तिच्या हातात दिली. "महिन्यातून एकदा टोचत जा. पान-माती अडकते. बाकी काही करू नका. बीडिंग नवीन मागवलंय, ते यायला आठवडा लागेल. तोवर जुन्यावरच चालवा."

गाडी आणायला अण्णा स्वतः आले. तिने आधीच मिस्त्रींना सांगून ठेवलं होतं की बुचांबद्दल चकार शब्द काढायचा नाही. मिस्त्रींनी कानाला हात लावून कबूल केलं होतं, पण न बोलण्याच्या श्रमाने त्यांचा चेहरा आत्ताच लाल झाला होता.

अण्णांनी चष्मा सारखा केला, मग तो खिशात ठेवला आणि तळहात दरवाज्यावर ठेवला. हात वरून खाली आला, डावीकडे गेला, उजवीकडे गेला. "जोड कुठाय?" त्यांनी विचारलं.

"शोधा!" मिस्त्री फुलून म्हणाले.

अण्णांना जोड सापडला नाही. त्यांनी नुसती मान हलवली, पण ती भांडाराची मान होती, माल पसंत असल्याची. तिचा जीव भांड्यात पडला. आता घरी जायचं, किल्ली घ्यायची, विषय संपला.

पण आयुष्यभर माल तपासलेला माणूस वस्तू उलटी करून बघितल्याशिवाय सोडत नाही. अण्णा गुडघ्यावर हात देऊन वाकले. त्यांची बोटं दाराच्या खालच्या कडेखाली गेली आणि तिथे थांबली. पुढे सरकली, पुन्हा थांबली. शेवटच्या भोकापाशी बराच वेळ राहिली.

"इथे बुचं होती," ते म्हणाले.

मिस्त्रींनी छपराकडे बघितलं.

'गळून पडली असतील' हे उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. नवऱ्याने तर चार दिवस आधीच ते घासूनपुसून तिच्या हातात दिलं होतं. पण अण्णा अजून वाकलेले होते, उठायचं विसरले होते, आणि त्यांचं बोट त्या भोकाच्या कडेवरून गोल फिरत होतं. तिने पर्स उघडली आणि रुमालाची गाठ सोडून बुचं त्यांच्या दुसऱ्या हातात ठेवली.

त्यांनी ती डोळ्यांसमोर धरलीच नाहीत. अंगठा रेघांवरून फिरवला. "तिच्या पिशवीचं रबर," ते म्हणाले.

"हो."

"यांच्यामुळे झालं?"

ती बोलायच्या आत मिस्त्रींचा बांध फुटला. "बाबा, पाण्याला जायला वाटच नव्हती! बादलीभर निघालं, बादलीभर!"

"बादलीभर नाही," ती म्हणाली.

"बरं, अर्धी. पण अर्धी तरी होतीच."

अण्णा सरळ उभे राहिले. त्यांनी बुचं शर्टाच्या खिशात टाकली. "म्हणजे छत्री नव्हती."

"नव्हती."

"तुला कधी कळलं?"

"गाडी इथे आणली त्याच दिवशी."

"आणि मी छत्री छत्री करत होतो, तेव्हा तू चहा पीत बसलीस."

मिस्त्रींनी, वेळ मारून न्यायला म्हणून, किल्ली पुढे केली, घरातले मोठे म्हणून अण्णांपुढे. अण्णांनी हात मागे घेतला. "त्यांना द्या. मला दिसत तर नव्हतंच, आता कळतही नाही असं सिद्ध झालंय." मिस्त्री हसले. अण्णा हसले नाहीत.

ती गाडीत बसली आणि मागचं दार वाजायची वाट बघू लागली. वाजलं ते शेजारचं. अण्णा पुढच्या सीटवर बसले, पाय आत घेतले, आणि दुरुस्त केलेला दरवाजा हलक्या हाताने ओढून घेतला. डुबुक झालं नाही.

गावातली गर्दी मागे पडली, रस्ता मोकळा झाला आणि गाडीने वेग घेतला. अण्णांनी पाय जरा मागे ओढले.

"वारा येतोय," ते म्हणाले.

"हो."

"भोकं उघडली म्हणून." थोडं थांबून ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज सकाळपासून पहिल्यांदाच जरा सैल झाला होता, "दार कुजवलं मी, कबूल. पण तेवढं मात्र साधलं होतं. तिचे पाय फार दुखायचे थंडीने. तिला वारा लागू दिला नाही मी."

पुढच्या चौकात सिग्नलचा दिवा लाल झाला. तिने गाडी थांबवली. किल्ली मिळाली होती, छत्रीचा डाग धुऊन निघाला होता. आता फक्त 'हो' म्हणायचं होतं. सासूबाईंनी म्हटलंच होतं की, इतकी वर्षं, शाल गुंडाळून. त्यांनी एकदा जरी 'अहो, लागतोय हो अजून' असं म्हटलं असतं, तर अण्णांनी त्याच दिवशी बुचं काढून फेकली असती आणि दुसरं काहीतरी शोधलं असतं. प्रेमानेच गप्प बसल्या होत्या. आणि त्या गप्प बसण्याचं पाणी पुढे कोणाच्या तरी दारात साचलं होतं. तिला शेजारच्या माणसाची दया आली, आणि त्याहून जास्त, त्याला पुन्हा फसवण्याची लाज वाटली.

"अण्णा," ती म्हणाली. "वारा भोकांतून येत नाही. या बीडिंगमधून येतो. ते सुटलंय. तेव्हाही तिथूनच यायचा."

"तेव्हा थांबला होता. ती म्हणायची, मुळीच लागत नाही."

"तुम्ही रस्त्याकडे बघायला लागलात की त्या शाल पायांवर घ्यायच्या. मी मागून बघायचे."

दिवा हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. तिने गाडी सोडली आणि नजर समोर ठेवली, कारण शेजारी बघायची तिची छाती नव्हती.

"रोज?" अण्णांनी विचारलं.

"मी असायचे तेव्हा तरी, दर वेळी. एकदा मी बघितलं तर मला डोळा मारला."

शेजारून काहीतरी विचित्र आवाज आला. तिला वाटलं, अण्णा रडतायत. तिने चोरून बघितलं तर ते हसत होते. खांदे हलत होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता. "बिलंदर," ते म्हणाले. "पहिल्यापासून बिलंदर बाई." मग त्यांनी चष्मा काढला, आणि ते रडायलाही लागले, उघड उघड, रस्त्यावरच्या सगळ्या लोकांना दिसेल असं. सासूबाई गेल्या तेव्हा या माणसाच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. तिने गाडी थांबवली नाही. फक्त जरा हळू केली.

"बीडिंग बदलायला असा काय वेळ लागतो," नाक पुसत ते म्हणाले. "एका दुपारचं काम. बोलली असती तर एका दुपारचं काम होतं." चष्मा पुन्हा चढवून ते म्हणाले, "तू मात्र सांगत जा. मला दिसत नाही."

"मग आत्ताच सांगते. तुमचा चहा फार गोड होतो."

अण्णांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. नळीतून बघायचं म्हणजे पूर्ण मान वळवावी लागे. "किती?"

"मुंग्यांनी वरात काढावी इतका."

"कधीपासून?"

"मी या घरात आले तेव्हापासून."

ते विचारात पडले. भांडारातला जुना हिशेब मनात लागत असावा. "म्हणजे तीसुद्धा…"

"त्यांचं मला माहीत नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

पूल आला. पुलावर नेहमीच वारा असतो. अण्णांनी पाय पुन्हा मागे घेतले. तिने एका हाताने गळ्यातला स्कार्फ सोडवला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. "घ्या. पायांवर घ्या."

त्यांनी तो उलगडला, कडा चाचपून सरळ केल्या, आणि वाकून दोन्ही पायांवर पसरला. कोणाची नजर रस्त्याकडे वळण्याची त्यांनी वाट बघितली नाही.

"लागतोय गं वारा," ते मोठ्याने म्हणाले. "चांगलाच लागतोय."